आधी पडायला शिकवा

भाचीला जिम्नॅस्टिक्सला घालायचं ठरलं आणि चौकशीचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्गात भिंतभर पदकं टांगलेली होती. सहा महिन्यांत मुलीला स्पर्धेत उतरवू, असं आश्वासनही मिळालं. आत काय चालतं ते मात्र दिसेना, कारण दाराच्या काचेला कागद चिकटवलेला होता. दुसऱ्या वर्गात गेले, तर अर्धा तास मुलं नुसती पडत होती. ठोकळ्यावरून उडी मारायची, गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरायचं, हात समोर ठेवायचे. तोल गेलाच तर हनुवटी छातीशी घेऊन पाठीवर गोल लोळायचं, हात मागे टेकायचा नाही. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "कोलांटी कधी शिकवणार हो?"

माझ्यापुरता शोध तिथेच संपला होता. पडताना मागे टेकलेल्या हातावर सगळं वजन येतं आणि मनगट किंवा कोपर दुखावतं. लहान मुलांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात. मनगटाशी तोच भाग सतत दाबला गेला, की वाढीलाच धक्का बसू शकतो. म्हणून पडण्याचा सराव हा वॉर्मअपचा टाइमपास नाही, तो पहिला धडा आहे.

दुसरं कारण गुणांच्या हिशेबात आहे. 2006 पासून आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत दोन आकड्यांची बेरीज होते: काय केलं त्याची काठिण्यपातळी, आणि कसं केलं त्याचे दहापैकी गुण. दुसऱ्या आकड्यातून वजाबाकी होते. लहान चुकीला 0.1, मध्यमला 0.3, मोठ्या चुकीला 0.5 आणि पडलात तर सरळ 1 गुण. नवशिक्यांच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकच ठरलेलं रूटीन असतं. अमेरिकेतल्या खालच्या पातळ्यांवर तर हालचालींसकट सगळं आखून दिलेलं असतं. म्हणजे तिथे अवघड कसरतीला जादा भाव नाहीच. सरळ गुडघा, ताणलेली पावलं आणि न डगमगता उतरणं एवढ्यावर निकाल लागतो. घाईघाईने शिकवलेली उलटी कोलांटी तिथे कामाला येत नाही. पुढे मात्र त्या घाईतून लागलेली वाकड्या गुडघ्याची सवय मोडायला वर्षं जातात.

मग चांगल्या वर्गात पहिलं वर्ष जातं कशात? बरंचसं कंटाळवाण्या गोष्टींत. पाठीवर झोपून हात-पाय किंचित उचलायचे आणि शरीर होडीसारखं घट्ट धरायचं. भिंतीकडे पोट करून हँडस्टँड. दोरीवर चढणं, बारला लोंबकळणं. तोल सांभाळत चालायच्या बीमची खरी रुंदी 10 सेंटीमीटर, लांबी 5 मीटर आणि उंची सव्वा मीटर. पण नवं मूल आधी जमिनीवर आखलेल्या रेघेवर चालतं, मग जमिनीलगतच्या बीमवर. त्या मोठ्या बीमकडे ते कित्येक महिने मान वर करून नुसतं बघतं.

आपल्याकडे मल्लखांबावरून आलेल्या मुलांना इथे एक फायदा असतो. एरंडेल लावलेल्या लाकडाला उलटं लटकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना डोकं खाली गेल्याची भीती उरत नाही. पकडही कमावलेली असते. उडी मारून जमिनीवर उतरणं मात्र त्यांनाही नव्याने शिकावं लागतं.

घाई करणाऱ्या पालकांना मी दीपा कर्माकरचं गणित सांगते. आगरताळ्याची ही मुलगी सहाव्या वर्षी या खेळात आली. तिचे तळवे सपाट होते आणि उडी-उतरणीच्या खेळात ही मोठीच अडचण. बिश्वेश्वर नंदी या प्रशिक्षकांनी त्यावर चिकाटीने मेहनत घेतली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट या उडीच्या प्रकाराच्या अंतिम फेरीत 15.066 गुणांसह ती चौथी आली. कांस्यपदक 0.150 ने हुकलं. तेव्हा ती 23 वर्षांची होती, म्हणजे मधे सतरा वर्षं गेली! चौदाव्या वर्षी दहापैकी दहा मिळवणारी नादिया कोमानेची सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे. पण तो 1976 चा काळ होता. 1997 पासून महिलांच्या वरिष्ठ स्पर्धेत उतरायला त्या वर्षात वयाची सोळा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना टोकियोत 46 व्या वर्षी आपल्या आठव्या ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट मारत होती.

आता त्या कागद लावलेल्या काचेबद्दल. आत काय चालतं ते पालकांना दिसलंच पाहिजे. ब्रिटनमध्ये या खेळातल्या छळाच्या तक्रारींची चौकशी झाली आणि 2022 मध्ये व्हाइट अहवाल आला. 400 हून अधिक लोकांनी आपलं म्हणणं पाठवलं होतं. पाणी न देणं, शौचालयाला न सोडणं, दुखापतीवर सराव करायला लावणं, मूल रडेपर्यंत स्ट्रेचिंग करवणं, असं बरंच त्यात आहे. स्प्लिट बसत नाही म्हणून मुलाच्या पाठीवर स्वतःचं वजन टाकणारा कोच दिसला, तर त्याची पदकं न मोजता मुलाला घरी आणावं. लवचिकपणा मुलाने स्वतःच्या ताकदीने कमवायचा असतो. कोच आधार देतात तेव्हा कमरेला, मांडीला हात लावावाच लागतो. पण तो सगळ्यांसमोर, मुलाला आधी सांगून.

फी विचारताना आणखी काही विचारून घ्यावं. कोचकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे का? नसली तर ते कुणाच्या हाताखाली तयार झाले? एका कोचमागे मुलं किती? माझ्या मते सहा-सात वर्षांच्या मुलांत आठ-दहाच्या वर नकोत, आणि आठवड्याला दोन-तीन दिवस तास-दीड तास पुष्कळ झाला. गाद्या हाताने दाबून बघाव्यात. मधे खड्डा पडलेली, सांध्यात फट राहिलेली गादी नुसत्या जमिनीपेक्षा फसवी. पाय मुरगळतो तो त्या फटीतच.

आमच्या वर्गात पालकांसाठी बाक आहे. मॅडमनी तो मागच्या महिन्यात चार हात मागे सरकवला, कारण आम्ही बसल्या जागेवरून "पाय ताण! पाय ताण!" करत होतो. आता ओरडता येत नाही. भाची रेघेवर पाऊल ठेवते तेव्हा चपलेतल्या चपलेत माझीच बोटं ताणली जातात.