शौचालयाच्या पाईपला पाना कोणी लावायचा?

पाण्याला आपण हात लावायचा नाही आणि शौचालयाला आपल्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अशी या देशातील मनुवाद्यांची शेकडो वर्षांची वाटणी होती. त्यातली पहिली बाजू बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडला मोडली. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 साली मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे कागदावर लिहून ठेवले होते. पण कागदावर खुले झालेले पाणी ओंजळीत येत नाही. त्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले, मार खावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. या सगळ्यानंतर आज आम्ही शौचालयातल्या पाईपच्या छोट्याशा गळतीवर लिहितो आहोत, हे काही वाचकांना क्षुल्लक वाटेल. वाटू द्या.

आमच्या माहितीतल्या एका वस्तीत विहाराला लागून सार्वजनिक शौचालयाच्या काही खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत भिंतीतून बाहेर येणाऱ्या अँगल कॉकजवळ पाणी गळू लागले. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. दोन महिने ती तशीच वाहत राहिली. मग कोणीतरी वैतागून वरच्या टाकीवरचा व्हॉल्व्हच बंद केला, त्यामुळे सगळ्याच खोल्यांचे पाणी गेले आणि आयाबहिणी खालून बादल्या वाहू लागल्या. भीमजयंतीच्या मिरवणुकीची वर्गणी त्याच वस्तीत एका संध्याकाळी जमली होती. जयंतीला आमचा विरोध नाही, ती धूमधडाक्यात झाली पाहिजे. पण गळका पाईप हा समितीच्या बैठकीचा विषय व्हायला दोन महिने का लागावेत?

बैठकीत एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "ते काम आम्ही सोडलं. आता आमच्या पोरांना संडासात हात घालायला सांगू नका." सभा गप्प झाली. त्या बाबांचे बोलणे कोणीही हसण्यावारी नेऊ नये. ज्या पिढीने गावकीची कामे नाकारून, उपासमार सोसून शहर गाठले, तिच्या तोंडचा तो नकार आहे, आणि तो नकार ही आपल्या चळवळीची कमाई आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली दुसरा झाला, तरी गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसे गुदमरून मरतच राहिली. मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला 2014 साली सांगावे लागले आणि 2023 साली ती रक्कम तीस लाख करावी लागली. मरणारे कोणत्या जातीचे असतात, हे आम्ही या वाचकांना सांगायला नको.

पण नेमका इथेच विचार करावा लागतो. स्वच्छ पाण्याच्या पाईपचा नट आवळणे आणि मैला उचलणे ही दोन कामे एक कशी झाली? शौचालयाच्या चार भिंतींच्या आत जे जे आहे ते सगळे विटाळाचे, ही समजूत कोणाची? जातीने कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले होते. त्या उतरंडीने आपल्या डोक्यात जागेला आणि वस्तूला चिकटवलेला विटाळ आपणच जपायचा, तर मग नकार कशाला दिला?

दुसरे असे की ही गळती आणि टाकीत उतरणारा माणूस यांचा थेट संबंध आहे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात फरशीचा उतार भांड्याकडे असतो. गळणारे पाणी भांड्यातून सेप्टिक टँकमध्ये जाते. मैला तळाशी बसायला टाकीतले पाणी काही काळ स्थिर राहावे लागते. चोवीस तास पाणी येत राहिले की तो वेळ मिळत नाही, न बसलेली घाण शोषखड्ड्यात जाते, खड्डा चोंदतो आणि टाकी तुंबून वर येते. मग सक्शनची गाडी बोलावली जाते. गल्ली अरुंद असेल तर गाडी आत शिरत नाही. मग पैसे देऊन कोणाला तरी खाली उतरवले जाते. कायद्याने तो गुन्हा आहे, तरी उतरवले जाते. वर ज्याने नट आवळायचे टाळले, त्याने खाली कोणाला उतरवायची पाळी आणली, याचा हिशेब कोण करणार?

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. गळतीखाली एक लिटरचा मग ठेवा आणि घड्याळ लावा. मग दहा मिनिटांत भरला तर दिवसाला 144 लिटर पाणी गेले. मुंबईत महापालिकेने झोपडपट्टीसाठी माणशी 45 लिटर आणि इमारतींसाठी 135 लिटर असे माप धरलेले होते. म्हणजे असली एक गळती झोपडपट्टीतल्या तीन माणसांचे दिवसाचे पाणी पिऊन टाकते. (45 आणि 135 हा फरक कोणत्या न्यायाने ठरला, हा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.) अनधिकृत ठरवलेल्या वस्तीलाही पाण्याचा हक्क आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळवायला पाणी हक्क समितीला डिसेंबर 2014 पर्यंत लढावे लागले. एवढ्या लढाईचे पाणी वॉशरअभावी वाहून जाते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. यात अवघड काही नाही. हातमोजे घालावेत. आधी सगळा भाग फडक्याने कोरडा करावा आणि वर्तमानपत्राचा कोरडा कागद एकेका जोडावर टेकवावा. कागद जिथे प्रथम भिजतो तिथे गळती. नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, कारण पाणी वरून ओघळते आणि दिसते खाली. फ्लशच्या टाकीकडे जाणाऱ्या लवचिक कनेक्शन पाईपच्या नटातून गळत असेल तर अँगल कॉक बंद करावा, नट सोडवावा आणि आतला रबरी वॉशर पाहावा. तो चपटा किंवा कडक झाला असेल तर बदलावा. काही रुपयांची वस्तू आहे. या जोडाला पाणी वॉशर अडवतो, तिथे टेप गुंडाळून काही होत नाही. नट हाताने बसवून पान्याने थोडाच आवळावा. टाकीकडचा नट प्लास्टिकचा असतो, जोर केला की तडकतो. कनेक्शन पाईपच भिजत असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, नवा घ्यावा.

त्या वस्तीतल्यासारखी गळती अँगल कॉक आणि भिंत यांच्यामधल्या आट्यांतून असेल तर त्या खोलीची लाईन मागूनच बंद करावी लागते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर नळ उघडून उरलेले पाणी काढून टाकावे. कॉक काढावा, आट्यांवरची जुनी टेप आणि गंज घासून साफ करावा, आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना ती सुटून येते. कॉक बसवल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा कोरडा कागद लावून पाहावा. ओल्या पाईपवर एम-सील थापून निघून जाणारे कारागीर असतात. ते धरत नाही. अगदीच अडचण असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट बांधावी, पण तो एकदोन दिवसांचा इलाज.

मुंबईत प्लंबरचे काम करणारे पुष्कळजण ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातून आलेले आहेत. पट्टामुंडाईच्या भागातून पिढ्यान् पिढ्या मुले या धंद्यात गेली आणि त्यावर घरे उभी राहिली. आपल्याकडे आय.टी.आय.मध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पदवी घेऊन वर्षानुवर्षे भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांना आणि मुलींनाही त्याचा फॉर्म आणून देणारा कार्यकर्ता क्वचित दिसतो. 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पाटबंधारे आणि वीज ही खाती सांभाळली, 1945 साली देशाच्या जलमार्ग व सिंचनासाठी केंद्रीय आयोग उभा राहिला. ज्यांच्या नेत्याने देशाच्या नद्यांचे नियोजन केले, त्यांनी अर्ध्या इंचाच्या पाईपला घाबरावे?

त्या वस्तीत शेवटी दोन तरुणांनी पाना आणला. ते बाबा दारात उभे राहून पाहत होते. काम अर्ध्या तासात झाले. कॉक काढल्यावर दिसले की भिंतीतले लोखंडी निपल आतून गंजले आहे, टेपने ते फार दिवस निभावणार नाही. ते बदलायचे तर फरशी थोडी फोडावी लागेल आणि दिवसभर लाईन बंद ठेवावी लागेल. पुढच्या रविवारची बैठक त्यासाठी बोलावली आहे. समितीच्या वहीत प्रथमच दुरुस्तीचा रकाना आखला आहे आणि व्हॉल्व्हजवळ कोणती चावी कोणत्या खोलीची, हे ऑईलपेंटने लिहायचे ठरले आहे. बायकांनी बैठकीची वेळ सकाळची नको, दुपारी तीनची ठेवा असे सांगितले, कारण सकाळी पाणी भरायचे असते. तीनची वेळ ठरली आहे.