पोवळ्याची छाट

धारवाडला सप्तापूर बावीच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. गेल्या चैत्रात पडवीत बटन इडलीचं जुनं पात्र वाळत ठेवलं होतं आणि त्याच्या वाट्यांत सिमेंट भरलेलं होतं. शेजारच्या अक्का चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या त्या पात्राशीच थबकल्या. "वहिनी, ह्या इडल्या कसल्या ओ?"

मी त्यांना आत नेलं आणि खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दाखवली. जे बाहेर वाळत होतं ती इथल्या छाटांची बैठक होती. कोकणात रोप लावायला पिशवी लागते, तशी पोवळ्याची छाट लावायला ही सिमेंटची टिकली लागते. अक्का बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हवळ म्हणजे हेच? गळ्यातलं?"

गळ्यातलं नव्हे, पण सगोत्र. कन्नडमध्ये हवळ, मराठीत पोवळं, आणि दोघांचं मूळ संस्कृत प्रवाळात. जुन्या कन्नडमधला 'प' पुढे 'ह' झाला आणि पवळचं हवळ झालं. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. माझ्या टाकीतली जात मऊ आहे, तिला हौशी मंडळी लेदर म्हणतात. पसरट टोपीची, अळंबीसारखी दिसणारी, आणि टोपीवर शेकडो बारीक बोंडं हलत असलेली.

ते प्रत्येक बोंड म्हणजे एक जीव. त्याला पॉलिप म्हणतात. मध्ये तोंड, भोवती आठ हात. आपल्याला जे एक झाड वाटतं ती खरं तर एकमेकांना जोडलेल्या शेकडो जीवांची वसाहत असते. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत पोवळ्याला वनस्पतीच समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने 1720च्या दशकात हे प्राणी आहेत असं मांडलं, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांना ते पटलं नव्हतं. त्यांची चूक मला समजते. या प्राण्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडावर साखर तयार करतं आणि आपल्या यजमानाला देतं. म्हणून माझ्या टाकीवर दिवसाचे आठ तास दिवा असतो. झाडासारखं उजेडावर जगणारं आणि झाडासारखं तोडून लावता येणारं हे जनावर आहे.

माझं माहेर मालवणकडचं. तिथे आंब्याच्या बागेला बाग म्हणण्याऐवजी नुसतं 'कलमं' म्हणतात. वडील पावसाळ्यात कोय कलमं बांधायचे. कलमात दोन अंगं लागतात, एकाचं मूळ आणि दुसऱ्याची फांदी. पोवळ्याचं तसं नाही. त्याची जात शेवग्याची. फांदी मोडा, ओलीत खोचा, तिलाच मूळ फुटतं. समुद्रात वादळ झालं की फांद्यांची पोवळी मोडतात, तुकडे घरंगळतात, आणि एखाद्या खडकाच्या खाचेत अडकून राहिलेला तुकडा तिथेच धरतो. आपण कात्रीने करतो ते वादळाचंच काम. फरक इतकाच की तुकडा कुठे अडकवायचा ते आपण ठरवतो.

लेदर कसं कापायचं ते जरा तपशिलाने सांगते, कारण माझी पहिली छाट मी घाईनेच घालवली.

कापायच्या आदल्या दिवशी पाणी तपासायचं. क्षार लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, तापमान 25-26 अंश. आमच्याकडे नळाला मलप्रभेचं पाणी येतं, ते आरओतून काढून त्यात समुद्री मीठ मिसळावं लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. मग टाकीतलंच पाणी एका काचेच्या वाडग्यात घ्यायचं आणि पोवळं अलगद त्यात उचलून ठेवायचं. हात लागताच ते आकसतं, सगळी बोंडं आत जातात, टोपी रबरासारखी घट्ट होते. नवी ब्लेड घेऊन टोपीच्या कडेचा दोन बोटं रुंद तुकडा एका दमात कापायचा. करवतल्यासारखं करायचं नाही. आत पांढुरका, किंचित खरखरीत मांसल भाग दिसतो. ती खरखर म्हणजे चुन्याचे सूक्ष्म काटे, मऊ पोवळ्याचा सांगाडा तेवढाच. भेंडी चिरल्यावर सुटतो तसा चिकट बुळबुळीत स्राव लगेच सुटतो आणि ओल्या मासळीचा उग्र वास घरभर पसरतो. तुकडा दुसऱ्या वाडग्यात खळबळून घ्यायचा, मग तिसऱ्या.

इथे मी चुकले होते. दगडी पोवळ्याचा तुकडा सुपरग्लूच्या जेलने टिकलीवर चिकटवतात हे वाचून मी लेदरही तसंच चिकटवलं. सुपरग्लूला ओलीचं वावडं नसतं. ओल मिळाली की तो उलट लवकर आळतो, म्हणून ओल्या तुकड्यावर चालतो. पण लेदर स्राव सोडत राहतं आणि त्या स्रावासकट गोंदाची पापडी रात्रीत सुटून येते. सकाळी टिकली रिकामी होती. तुकडा तिसऱ्या दिवशी दगडांमागे सापडला, कुजलेला. टाकीचं निम्मं पाणी बदलावं लागलं.

त्याला उपाय गोंदाचा नाही, बांधणीचा आहे. टिकलीवर तुकडा कापलेल्या बाजूने टेकवायचा, वरून जुन्या मच्छरदाणीचा चौकोन पसरायचा आणि खालून रबर लावायचं. घट्ट नाही, नुसता हलणार नाही इतपत. मग भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवून तो डबा टाकीत मंद प्रवाहाच्या जागी, दिव्यापासून दूर. आठ-दहा दिवसांनी जाळी सोडून बोटाने हलकेच ढकलून पाहायचं. धरलं असेल तर टिकलीसकट हलतं. त्यानंतर कधीतरी सकाळी दिवा लागल्यावर कडेच्या पहिल्या बोंडाचे आठ हात उघडलेले दिसतात. माझी दुसरी छाट अकराव्या दिवशी उघडली. मी चहा गॅसवर विसरले होते.

इडलीपात्राचंही सांगून टाकते. एक वाटी सिमेंटला तीन वाट्या शिंपल्यांची भरड. वाळलेल्या टिकल्या लगेच टाकीत टाकायच्या नाहीत, सिमेंटमधला चुना पाण्याची अल्कता एकदम वाढवतो. महिनाभर साध्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहायचं.

मशरूम जातीचं पोवळं तर भाकरीसारखं चतकोर कापलं तरी प्रत्येक चतकोर पुरा होतो. फक्त प्रत्येकात मधल्या तोंडाचा थोडा भाग आलेला बरा. झोआ नावाचे रंगीत गुच्छ असतात, त्यांच्याबाबत मात्र खेळ नको. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय ते कापू नयेत, त्यांचा दगड गरम पाण्यात तर कधीच उकळू नये, वाफेतून विष अंगात जातं.

दगडी पोवळ्याची छाट मी करत नाही. एका लांबच्या शहरातल्या दुकानदाराने मला फांद्यांच्या दगडी पोवळ्याचा तुकडा "परवानगीबिरवानगी काही लागत नाही" म्हणून विकला होता. घरी येऊन कायदा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी परत केला. खडक बांधणारी सगळी दगडी पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि सागरपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. लेदर आणि मशरूम त्या यादीत नाहीत, पण म्हणून ती समुद्रातून उपटून आणावीत असं होत नाही. आमच्या धारवाडकरांना जवळचं एक पोवळ्यांचं ठिकाण म्हणजे मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट. तिथे जावं, मुखवटा लावून पाण्यात डोकं घालावं, आणि रिकाम्या हाताने परत यावं. टाकीतल्या छाटेचं मला सगळ्यात मोठं मोल वाटतं ते यासाठी. एका वसाहतीतून दहा घरं भरतात आणि समुद्रातला एकही दगड हलत नाही.

आणि हीच हातोटी आता समुद्रालाही उपयोगी पडते आहे. फ्लोरिडात केन नेडिमायर हौशी टाक्यांसाठी खडक तयार करायचे. समुद्रात टाकलेल्या त्यांच्या दगडांवर सांबरशिंगी पोवळं आपणहून रुजलं. त्यांनी ते मोडून छाटा केल्या, पुट्टीने लावल्या, आणि 2007 मध्ये त्यातून पोवळी पुन्हा लावणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे तुतिकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था 2002 पासून मन्नारच्या आखातात हे करते. हातभराहून लहान तुकडे सिमेंटच्या लाद्यांवर नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. रबर आणि मच्छरदाणीच्या जागी दोरा, इतकाच फरक. माझ्या माहेरच्या समुद्रातही या संस्थेच्या मंडळींनी काम केलं आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं, पण पोवळी लावता येतात हे लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. किनाऱ्यावर लाटेने आणून टाकलेले पांढरे सांगाडे आम्ही सागरगोट्यांसारखे खेळायला घ्यायचो.

मुंबईचं उदाहरण थोडं वेगळं. किनारी रस्त्याच्या भरावात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची पोवळी येत होती. 2020च्या नोव्हेंबरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली 18 वसाहती खडकासकट काढून कुलाब्याच्या नेव्हीनगरजवळ नेल्या. ही छाट नव्हे, घर बदलणं. गढूळ पाण्याच्या त्या किनाऱ्यावर पोवळी आहेत हेच कित्येक मुंबईकरांना तेव्हा कळलं. 18 म्हणजे फार नाहीत. पण त्या मोजल्या गेल्या, हलवण्याआधी परवानगी घ्यावी लागली, याचं मला समाधान वाटतं.

छाटेची एक मर्यादाही आहे. तुकडा म्हणजे मूळ जीवाचीच प्रत, म्हणून एकाला जो रोग मारतो तो साऱ्यांना मारू शकतो. समुद्र तापला की शैवाल पोवळ्याला सोडून जातं आणि ते पांढरं पडतं. तापलेल्या पाण्यात कितीही छाटा लावल्या तरी त्या टिकत नाहीत. वळवाच्या पावसात वीज गेली की मी बॅटरीचा हवापंप लावते, उन्हाळ्यात टाकीवर पंखा ठेवते. नेत्राणीला पंखा कोण लावणार?

आमच्या गल्लीत स्पर्धा परीक्षांच्या क्लासला येणारी पुष्कळ मुलं राहतात. त्यातला एक गदगचा मुलगा दर रविवारी टाकी बघायला येतो. त्याने छोटी टाकी भरून तीन महिने नुसतं पाणी फिरवत ठेवलं, मासा घातला नाही, पोवळं घातलं नाही. परवा त्याला टिकली क्रमांक चार दिली. पिशवीत निम्मं पाणी, निम्मी हवा, आणि पिशवी स्टीलच्या डब्यात, म्हणजे रस्त्यात ऊन लागत नाही. "काकू, लगेच दिव्याखाली ठेवू का?" त्याने विचारलं. मी त्याला पहिला आठवडा तळाशी, कोपऱ्यात ठेवायला सांगितलं.