विश्लेषण : माळढोकला माणसाचा लळा लागला तर? जैसलमेरच्या प्रजनन केंद्रांत तंत्रज्ञ नेमके काय करतात?

राजस्थानातील जैसलमेर भागात 16 ऑक्टोबर 2024 रोजी माळढोकचे एक पिल्लू कृत्रिम रेतनातून जन्मले. गायी-म्हशींसाठी गावोगावी होणारी ही पद्धत माळढोकवर यशस्वी झाली, म्हणून बातमी गाजली. पण अंड्यापाशी रात्रंदिवस बसणाऱ्या तंत्रज्ञांचे काम त्यात फारसे दिसले नाही.

अंडी येतात कुठून?

माळढोकची मादी उघड्या जमिनीवर, बहुतेक वेळा एकच अंडे घालते. कोल्हा, घोरपड, भटकी कुत्री यांच्या तडाख्यातून ते वाचणे कठीण. केंद्र सरकार, राजस्थानचा वनविभाग आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात 2018 मध्ये करार झाला. 2019 पासून जंगलातील काही अंडी उचलून सम येथील केंद्रात उबवली जाऊ लागली. रामदेवरा येथे दुसरे केंद्र आहे.

यंत्र असताना माणूस कशाला?

उबवणी यंत्र तापमान सांभाळते. मात्र कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातील पाणी सतत उडत असते. म्हणून तंत्रज्ञ अंड्याचे नियमित वजन करतो. वजन वेगाने घटले तर आर्द्रता वाढवायची, घटतच नसेल तर कमी करायची. अंडे ठरावीक वेळाने फिरवले नाही तर गर्भ आतल्या पडद्याला चिकटू शकतो. अंधारात प्रकाशझोत टाकून गर्भाची वाढ पाहायची. इंजिनीअरच्या नजरेतून हे साधे फीडबॅक लूप वाटते. फरक इतकाच, की इथे सिस्टीम रीस्टार्ट करता येत नाही.

खरी अडचण पिल्लू बाहेर आल्यावर

पिल्लाला चिमट्याने किडे भरवावे लागतात. जो भरवतो तोच आपला, असा ठसा पिल्लाच्या मनावर उमटतो. प्रजननासाठी हे सोयीचे ठरते. रामदेवरा येथील ‘सुदा’ नावाचा नर माणसांना बुजत नव्हता. म्हणूनच त्याला नकली मादीची सवय लावून वीर्य घेता आले. ते शंभर किलोमीटरहून लांब नेऊन ‘टोनी’ या मादीत सोडण्यात आले आणि पिल्लू जन्मले.

पण माणसाला न घाबरणारा पक्षी माळरानावर टिकणार कसा? तो कुत्र्यालाही घाबरेल याची खात्री काय? त्यामुळे निसर्गात सोडायच्या पिढीबाबत तंत्रज्ञाला नेमके उलटे वागावे लागेल. पिल्लाला माणूस दिसता कामा नये. अमेरिकेत क्रौंच पक्ष्यांच्या पिल्लांना भरवताना कर्मचारी पांढरा झगा घालून हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरत असत. आधी लळा लावायचा आणि नंतर स्वतःला लपवायचे, दोन्ही याच नोकरीत. आमच्या मते यातला दुसरा भाग अधिक अवघड आहे.

महाराष्ट्राचा संबंध काय?

सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झाले. आता तिथे पक्ष्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. शिवाय सोडलेल्या पक्ष्यालाही वीजतारांचा धोका राहतोच. नराचे वजन 15 किलोपर्यंत जाते आणि समोरचे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे तार दिसली तरी वळायला वेळ मिळत नाही. या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये दिला होता. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली.