खोदकामाला परदेशी, पण मोत्याला कोण बघणार?

जून उजाडला की परभणी जिल्ह्यात सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे. मृगाचा पाऊस कधी पडतोय, सोयाबीन-कापसाच्या पेरण्या कधी होतायत, गप्पा सगळ्या याच. नेमक्या याच दिवसांत तिकडे ग्रीस, इटली, सायप्रस, स्पेनमध्येही मातीचीच लगबग सुरू असते, पण ती पेरायची नाही, उकरायची! तिथल्या विद्यापीठांना उन्हाळी सुट्टी लागते आणि प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन उत्खननाला निघतात. जून ते ऑगस्ट हा त्यांचा सीझन. यातली बरीच उत्खननं 'फील्ड स्कूल' म्हणून चालतात आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो.

इतिहास किंवा पुरातत्त्व शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुला-मुलींना हे खुणावतंच. फी किती, व्हिसा कसा, इंग्रजी जमेल का, हे प्रश्न सगळेच विचारतात. मात्र एक प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो. घरी जे सोडून जाणार, त्याचं काय? दारात मोत्या आहे. माळ्यावर राख्यांचं, क्रोशाचं सामान आहे, इन्स्टावर ऑर्डर आहेत. तुमच्या ग्रुपमध्ये असं कुणी ना कुणी असेलच. त्यांना घरचे आणि मित्र एकच सल्ला देतात, 'करिअर करायचंय ना? मग हे नाद सोड.'

आता गंमत बघा. ज्या पुरातत्त्वासाठी हे 'नाद' सोडायला सांगतात, ते पुरातत्त्व उभं आहे हातकामावर आणि पाळीव जनावरांच्या हाडांवर.

सुई-दोरा घेऊन थेट रोममध्ये

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॅनेट स्टीफन्स नावाच्या हेअरड्रेसर आहेत. पुरातत्त्वाची पदवी नाही, सलूनमध्ये केस कापणं-बांधणं हा रोजचा उद्योग. 2001 साली एका संग्रहालयात त्यांनी रोमन सम्राज्ञी जुलिया डोम्ना हिचा अर्धपुतळा पाहिला आणि त्या तिच्या केशरचनेत अडकल्या. अभ्यासकांची समजूत अशी की, रोमन बायकांचे हे अवघड अंबाडे टाचण्यांनी बसवलेले असायचे, नाहीतर ते विगच असायचे. स्टीफन्स यांनी घरी करून पाहिलं. टाचण्यांनी काही ते जमेना. मग त्यांनी लॅटिन ग्रंथ धुंडाळले. तिथे जो शब्द सगळे 'टाचणी' म्हणून वाचत होते, त्याचा 'शिवायची सुई' असाही अर्थ निघतो. त्यांनी सुई-दोऱ्यानं केस शिवून बघितले आणि अंबाडा बसला! 2008 साली त्यांचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या नामांकित नियतकालिकात छापून आला.

हातात कला असलेल्या माणसाला वस्तू बघताक्षणी एक प्रश्न पडतो, 'हे बनवलं कसं असेल?' पुरातत्त्वातही पहिल्या काही प्रश्नांत हा असतोच.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीकाठच्या या गावात डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कुंभाराचं घर कोणतं, सोनाराचं कोणतं, चुना भाजणाऱ्याचं कोणतं, हेसुद्धा अभ्यासकांनी सांगितलं. तिथे मातीची एक छोटी पेटी मिळाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती, वर दुसरी बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत मातीचा बैल. ही वरची मूर्ती बैलाच्या पाठीवर काडीनं बसवता येईल अशी भोकंही दोन्हींना पाडलेली. पोळ्याला मातीचे बैल वळणाऱ्या आपल्या लोकांना हा जुगाड लगेच कळेल.

फील्ड स्कूलमध्येही दिवसभर थापी चालवणं एवढंच काम नसतं. ऊन तापायच्या आत, पहाटेच खोदकाम सुरू होतं आणि दुपारी थांबतं. उरलेल्या वेळात खापरं धुवायची, त्यांवर नंबर टाकायचे, जुळणारे तुकडे जोडायचे, काठाचा आकार कागदावर उतरवायचा. गोधडीला ठिगळं जुळवत बसणाऱ्या मुलीला इथे पहिल्या दिवसापासून बरं वाटेल.

सात महिन्यांचं पिल्लू

आता मोत्याकडे येऊ.

जर्मनीतल्या बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे 1914 साली खाणीत काम करताना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि सोबत जनावरांची हाडं. सगळं सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचं. त्या हाडांत एक कुत्रा आहे, हे लक्षात यायलाच साठएक वर्षं गेली. पुढे 2018 मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा नव्यानं अभ्यास प्रसिद्ध झाला. करणारे लुक यान्सेन्स मूळचे जनावरांचे डॉक्टर, लायडन विद्यापीठात पुरातत्त्वात पीएचडी करत होते.

दातांवरच्या खुणा बघून त्यांनी निदान केलं, डिस्टेंपर. कुत्रं पाळणाऱ्यांना हे नाव सांगायला नको. पिल्लांना याच आजाराची लस आपण आजही देतो. हे पिल्लू मेलं तेव्हा जेमतेम सात महिन्यांचं होतं आणि आजार जडला होता चारेक महिन्यांचं असताना. मधल्या काळात दोन-तीन वेळा ते फार गंभीर झालं असावं. एवढ्या आजारी पिल्लाकडे कुणी बघितलंच नसतं, तर ते तीन आठवडेही टिकलं नसतं. ते त्याहून बरेच आठवडे जगलं. म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, घाण साफ केली. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, तरीही.

दुसरं ठिकाण इजिप्तचं. तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं रोमनकालीन बंदर होतं. तिथे पोलिश पुरातत्त्वज्ञ मार्ता ओसिपिन्स्का यांनी चक्क पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीचा अभ्यास केला. 585 प्राणी. दहातली नऊ मांजरं, थोडी कुत्री, थोडी माकडं. काही मांजरांच्या गळ्यात लोखंडी पट्टे, काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा. दात पडलेली म्हातारी जनावरंही त्यात आहेत. त्यांना कुणीतरी मऊ खाऊ घालत असणार. आणि माकडं? ती भारतातून गेलेली!

बेरेनिकेचं आणि आपलं नातं इथेच संपत नाही. सातवाहनांची नाणी तिथे सापडली आहेत. सातवाहनांची राजधानी पैठण आणि तेव्हाचं भरभराटीचं गाव तेर, दोन्ही आपल्या मराठवाड्यातली. पैठणवरून वाहणारी गोदावरी पुढे आपल्या पाथरी, गंगाखेडकडे येते. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या, तशाच घडणीची एक मूर्ती 1938 मध्ये पार इटलीत, पाँपेईच्या राखेखाली मिळाली. हस्तकला तेव्हाही कुरिअर व्हायची म्हणा ना!

तर या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. उत्खननात राजे-महाराजे क्वचित हाती लागतात. हाती लागतं ते घरी थांबलेल्यांचं. ज्यांनी मडकी घडवली, मणी ओवले, आजारी पिल्लाला पाणी पाजलं, त्यांचं.

'आई बघेल'

आणि म्हणूनच खरा मुद्दा. आपण परदेशी खोदायला जातो तेव्हा घरी कोण थांबतं?

बहुतेक घरांत उत्तर एकच, 'आई बघेल.' पिल्लू आणताना 'मी सगळं करीन' म्हणून शपथ घेतलेली असते. बारावीनंतर हॉस्टेल, मग पदवी, मग इंटर्नशिप, आणि मोत्या नकळत आईचा होतो. त्यात फील्ड स्कूलचे महिने म्हणजे आपला पावसाळा. गोचीड वाढतात, अंग ओलं राहून कातडीचे आजार होतात, विजा कडाडल्या की कुत्रं पलंगाखाली जाऊन बसतं. घरची शेती असेल तर आईला त्याच दिवसांत पेरणी आणि खुरपणीही असते. अशा वेळी 'आई बघेल' हे प्लॅनिंग झालं नाही. आपलं काम न विचारता दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं झालं.

मग जायचंच नाही का? जायचं. पण जिचा किंवा ज्याचा आधार घेणार, तिच्याशी आधी बोलायचं. घरात दोघं-तिघं असतील तर कामं वाटायची. सकाळचं फिरवणं धाकट्याकडे, खाणं बाबांकडे. 'बाबांना जमत नाही' हे कारण दोन आठवड्यांच्या सरावानं सुटतं. शेजारी किंवा मित्राकडे ठेवणार असाल तर आधी दोन-तीन दिवस राहायला पाठवून बघा, कुत्रं तिथे जेवतं का ते कळेल. रेबीज आणि डिस्टेंपरच्या लसींची तारीख जायच्या आधी तपासा. काय खातो, काय अजिबात द्यायचं नाही, औषध कोणतं, डॉक्टरचा नंबर, हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली जमेची बाजू. आणि हो, खर्चाचे पैसे आईच्या हातात देऊन जा. तिकिटाच्या बजेटमध्ये मोत्याचाही एक रकाना हवा.

राखीचं गणित

हातकाम करून चार पैसे कमावणाऱ्यांची पंचाईत वेगळी. राखीपौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये, म्हणजे ऑर्डरींचा जोर जुलैत. नेमके तेव्हाच तुम्ही कुठल्यातरी टेकडीवर माती चाळत असणार. उपाय दोनच. एक तर एप्रिल-मेमध्ये माल तयार करून ठेवायचा आणि पॅकिंग-कुरिअरचं काम मैत्रिणीला ठरलेल्या पैशांत द्यायचं. 'मैत्रीण आहे, करेल' असं नको, तिचाही तो वेळच आहे. दुसरा उपाय, या वर्षी ऑर्डर बंद, असं पेजवर स्वच्छ लिहायचं. गिऱ्हाईक 'नाही' ऐकून घेतं. 'हो' म्हणून दिलेली राखी पौर्णिमेनंतर पोचली, तर मात्र परत येत नाही.

'तिकडे जाऊन संध्याकाळी बनवीन' या भ्रमात राहू नका. पाच-सहा तास थापी आणि घमेलं चालवल्यावर बोटं वळत नाहीत. क्रोशाची सुई आणि एक लोकरीचा गुंडा न्या जरूर, पण स्वतःसाठी. विमानात सुया-कात्र्या चेक-इन बॅगेत टाका, म्हणजे सिक्युरिटीत हुज्जत नको.

जायचं ठरलंच, तर

अमेरिकेची 'आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' ही संस्था जगभरातल्या फील्डवर्कच्या संधींची यादी ऑनलाइन ठेवते. शोध तिथून सुरू करा. फी नीट वाचा. काही ठिकाणी ती हजारो डॉलर, म्हणजे आपल्या लाखांत जाते. काही ठिकाणी स्वयंसेवक म्हणून फक्त राहण्या-जेवण्याचा खर्च द्यावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबल्या तर तारखांची टक्कर होईल, तेही बघून ठेवा.

पैशांचं जमलं नाही तर खट्टू होऊ नका. भारतातली उत्खननं बहुतेक पावसाळा संपल्यावर होतात, म्हणजे राखीचा सीझनही हातचा जात नाही. डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वात एमए करता येतं. तेरचं लामतुरे संग्रहालय एका दिवसाच्या सहलीत होतं. आणि अगदी जवळ बघायचं तर जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरं आणि मानस्तंभ आहेत, गंगाखेड तालुक्यात धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे. वही-पेन्सिल घ्या, मोजपट्टी घ्या, कोरीवकामाची चित्रं काढायला बसा. खोदायचं मात्र नाही, त्याला परवाना लागतो.

आपल्या आजी-आजोबांना काळी आणि पांढरी हे शब्द बरोबर माहीत आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती आणि शेणामातीचे थर साचून ती पांढरी झालेली. माळवदावर टाकायला आपण हीच माती उकरून आणत आलो. तिच्यात खापरं निघतात, बांगड्यांचे तुकडे निघतात, हाडं निघतात. कुणाच्या तरी हातचं, कुणाच्या तरी दारचं.

तेव्हा या उन्हाळ्यात कुणी 'हे नाद सोड' म्हणालं, तर त्यांना ओबरकासेलच्या पिल्लाची गोष्ट सांगा. आणि अर्जाचा फॉर्म भरायच्या आधी घरी एकदा सगळ्यांना बसवून विचारा, 'सहा आठवडे मी नसेन, कोण काय करेल?' उत्तर मिळालं, की मग खुशाल बॅग भरा.