दार बंद झाल्यावर

दत्तक कुत्र्याबद्दलची पहिली तक्रार बहुतेक वेळा शेजारून येते. "तुम्ही गेलात की ते सारखं रडतं हो," असं समोरच्या काकू सांगतात आणि आपल्याला ते खरंच वाटत नाही, कारण आपण घरात असताना ते शहाण्यासारखं पायाशी झोपलेलं असतं. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, भरदुपारी कुत्रं हेल काढून रडतंय, हा अपशकुन आहे. संध्याकाळी घरी यावं तर चपलांचे तुकडे, चौकटीवर ओरखडे आणि कोपऱ्यात लघवी. "एवढं सगळं केलं त्याच्यासाठी, तरी सूड उगवतंय," हा निष्कर्ष अशा वेळी फार पटकन निघतो. त्याची किंमत कुत्र्याला मोजावी लागते. मार बसतो, साखळी लागते आणि कित्येकदा ते पुन्हा रस्त्यावर जातं.

आपल्याकडे दत्तक जाणारी बरीचशी कुत्री इंडी, म्हणजे रस्त्यावर जन्मलेली असतात. एकटं राहायची वेळ त्यांच्यावर जवळपास कधी आलेलीच नसते. टपरीजवळ, बांधकामाच्या साइटवर, देवळाच्या आवारात भावंडं असतात, टोळी असते, वॉचमन आणि रिक्षावाले असतात, संध्याकाळी खायला घालणाऱ्या ताई असतात. भीती वाटली तर पळायला चारही दिशा मोकळ्या. असं कुत्रं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येतं, आणि सोमवारी सकाळी दार बंद होतं. माणसं गेली आणि पळायची वाटही गेली, दोन्ही एकदम. या दोन वेगळ्या भीती आहेत. काही कुत्र्यांना कोंडलेपण सोसत नाही, काहींना माणूस नसणं सोसत नाही आणि काहींना दोन्ही.

"पण आठ दिवसांत एवढा लळा कसा लागेल?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लागतो, आणि आठ दिवसही लागत नाहीत. बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी, आईपासून थोडा वेळ दूर केल्यावर लहान मूल कसं वागतं हे पाहण्याची मेरी एन्सवर्थ यांची पद्धत, १९९८ मध्ये कुत्र्यांवर वापरली. कुत्रं आपल्या माणसाशी बऱ्याच अंशी तसंच बांधलेलं असतं, असं त्यात दिसलं. पुढे २००१ मध्ये मार्टा गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवाऱ्यातली मोठी कुत्री घेतली. एका अनोळखी माणसाने त्यांच्यासोबत दहा-दहा मिनिटं, फक्त तीन वेळा घालवली. तेवढ्यावर त्या कुत्र्यांचं त्या माणसाशी वागणं ओढ लागल्यासारखं झालं. ज्याने आधीची माणसं गमावली आहेत, त्याने नवं माणूस इतक्या लवकर घट्ट धरावं, हे मला आजही हलवून जातं.

आपल्या कुत्र्याचं नेमकं काय होतं, हे कळायला जुना मोबाइल पुरतो. तो कपाटावर दाराकडे तोंड करून ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि नेहमीसारखे निघा. लॅच पडल्याचा आवाज येतो. कुत्रं दाराशी येऊन उभं राहतं, कान टवकारून. लिफ्टचं दार लागेपर्यंत हलत नाही. मग दाराखालच्या फटीला नाक लावून जोरजोरात हुंगतं. बाल्कनीकडे जातं, परत येतं, सोफ्यावर चढून खिडकीतून बघतं, पुन्हा दाराशी. जांभया सुरू होतात, ओठ चाटणं सुरू होतं, मग धापा. फरशीवर लाळेचे थेंब दिसू लागतात. निघताना ठेवलेल्या चिकनच्या तुकड्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. आधी बारीक कुंईकुंई, आणि थोड्या वेळाने मान वर करून काढलेला तो लांब सूर, जो समोरच्या काकूंना ऐकू जातो. घाबरणाऱ्या कुत्र्यांमध्ये हे साधारण पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं, कधी आपण वाहनतळापर्यंत पोहोचायच्या आत.

कंटाळलेलं कुत्रं असं वागत नाही. ते आधी झोप काढतं, ठेवलेलं खातं, तासाभराने उठून निवांत उशी फाडत बसतं. त्याला सकाळी जास्त वेळ फिरवलं, रस्त्यात मनसोक्त हुंगू दिलं, की बरंचसं भागतं. घाबरलेल्याचं नुकसान मात्र बाहेर पडायच्या वाटांपाशी असतं, दार, उंबरा, खिडकी. नखं मोडतात, हिरड्यांतून रक्त येतं, तरी ते थांबत नाही. म्हणून बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी हवीच. लघवी मात्र आपण घरात असतानाही होत असेल, तर आधी व्हेटकडून ती तपासून घ्यावी.

आणि ते अपराधी तोंड? कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसणं? न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याचीच परीक्षा घेतली. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहरा कुत्र्याने काय केलं यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो उलट जास्त दिसला. म्हणजे चपलेचा तुकडा नाकासमोर धरून ओरडल्याने कुत्र्याला एवढंच कळतं की माणूस परत येणं हीसुद्धा घाबरायची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशीचं एकटेपण त्याने आणखी अवघड होतं.

शिकवायचं कसं? कुत्र्याला जेवढं झेपतं तिथून सुरुवात करायची, आणि ते किती झेपतं हे रेकॉर्डिंग सांगतं. काहींना दोन मिनिटं चालतात, काहींना लॅचला हात लावलेलाही चालत नाही. अशा कुत्र्यासोबत पहिल्या दिवसांचं काम एवढंच: उठायचं, दारापर्यंत जायचं, लॅच फिरवायचं, परत येऊन बसायचं. कुत्रं मान वर करून बघतं. आपण पुस्तक हातात घेतो. थोड्या वेळाने ते हनुवटी पुन्हा पंजांवर टेकवतं. ती टेकलेली दिसली की पुढची पायरी. दार उघडून मिटायचं. मग बाहेर पाऊल टाकायचं, दार लावायचं, पाच आकडे मोजून आत यायचं. मग जिन्याच्या वळणापर्यंत. मग लिफ्ट बोलवायची, तिचं दार वाजू द्यायचं आणि आत न शिरता मागे फिरायचं.

परत यायचं ते कुत्रं घाबरायच्या आधी. ते रडायला लागलंच तर "आता गेलो तर लाडावेल" म्हणून बाहेर थांबू नका. घाबरून रडणं हा हट्ट नसतो. आत जा, आणि उद्याची पायरी खाली आणा. वेळ रोज चढत्या क्रमानेही वाढवू नका. वीस सेकंद, मग पाच, मग पस्तीस, मग दहा, असं झालं की दर वेळी जास्तच होणार ही धास्ती त्याला लागत नाही. दिवसातून एकदा, थोडाच वेळ, आणि आठवड्यातून एखाद-दोन दिवस सुट्टी. पहिली काही मिनिटं मिळवायला आठवडे जातात. अर्धा-पाऊण तास शांतपणे निभावला, की पुढचे तास तुलनेने लवकर पदरात पडतात.

किल्ल्यांचा आवाज, हेल्मेट, ऑफिसची बॅग, डब्याचं झाकण, यांवरून कुत्रं आपलं जाणं आधीच ओळखतं. या वस्तूंचं वजन कमी करायचं. हेल्मेट हातात घेऊन भाजी निवडायला बसा, बॅग खांद्याला लावून चहा करा.

यातली सगळ्यात जड अट वेगळीच आहे. मालेना डीमार्टिनी या अमेरिकी ट्रेनर वर्षानुवर्षं फक्त याच त्रासावर काम करतात. त्यांचा आग्रह असतो की शिकवणं चालू असेपर्यंत कुत्र्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. सकाळी तीस सेकंदांचा सराव आणि नंतर नऊ तासांचं ऑफिस, असं केलं तर सराव पाण्यात जातो. नोकरी करणाऱ्या जोडप्याला हे अशक्य वाटतं. पण आपल्या सोसायट्यांमध्ये दुपारी माणसं असतात, आणि त्यांना विचारलेलं आवडतं, असा माझा अनुभव आहे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका दुपारचा पेपर तुमच्या घरी वाचतील. वरच्या घरातली कॉलेजची मुलगी अभ्यासाला येऊन बसेल. घरून काम करायचे दिवस दोघांनी वेगवेगळे घ्यावेत, स्वयंपाकाच्या मावशींची वेळ मधली धरावी, उरलेल्या दिवसांना डे-बोर्डिंग. कुत्र्याशी खेळायलाच हवं असं नाही, घरात माणूस असला की पुरतं.

पोकळ रबरी खेळण्यात दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून फ्रीजरमध्ये गोठवून देतात, ते चांगलंच आहे. चाटण्याने कुत्रं शांत होतं. त्यात कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट नको. पण घाबरलेलं कुत्रं खात नाही, तेव्हा हा इलाज नाही. सोबतीला दुसरं कुत्रं आणण्याचाही भरवसा नसतो. पहिल्याला तुम्ही हवे असाल, तर नव्याने त्याचं भागत नाही. पिंजऱ्याची सवय नसलेल्याला त्यात कोंडून जाणं तर धोक्याचं; दात मोडून घेतलेली कुत्री व्हेटकडे येतात ती अशीच.

औषधाला आपल्याकडे अजून बरेच जण बिचकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या या त्रासासाठी १९९८ मध्ये क्लोमिप्रामिन आणि २००७ मध्ये फ्लुओक्सेटिन मान्य केलं, दोन्ही सरावाच्या जोडीने द्यायची म्हणून. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कुत्रं नुसतं गुंगवून पाडणारी गोळी वेगळी; तिने अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. रोज थरथरणाऱ्या जनावराला औषध नाकारण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही. डोस मात्र व्हेटनेच ठरवायचा, घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून नाही.

शेजाऱ्यांकडे तक्रार यायच्या आधी आपणच जावं. कुत्रं नवीन आहे, हा सराव चालू आहे, रडणं ऐकू आलं तर वेळ लिहून मला मेसेज करा, एवढं सांगितलं की काकूंची नोंदवही आपल्या मोबाइलइतकीच उपयोगी पडते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. आणि १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११ वं कलम मालकालाही सोडत नाही: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा आहे.

कुत्रं कधी आणायचं, हेही आधी ठरवता येतं. दिवाळीच्या तोंडावर नको. फटाक्यांना घाबरणाऱ्या आणि एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्यांत बरीचशी तीच असतात, आणि एकटं असताना फुटलेला एक सुतळी बॉम्ब कित्येक आठवड्यांचा सराव पुसून टाकतो. मे महिन्यात आणलं तर मुलं घरी असतात, कौतुक होतं, दिवसभर अंगाखांद्यावर खेळवलं जातं. मग जूनमध्ये शाळा उघडते आणि एका सकाळी साडेसातला घर रिकामं होतं. मेमध्ये आणणार असाल तर मुलांना पहिल्या आठवड्यापासून कामाला लावा. रोज सगळ्यांनी मिळून दाराबाहेर जायचं, जिन्यात उभं राहून आकडे मोजायचे, गलका न करता आत यायचं. ज्यांच्याकडे कुत्रं सध्या सांभाळायला आहे, त्यांना घरी नेण्याआधीच विचारून घ्या: हे कधी एकटं राहिलंय का, किती वेळ, आणि परत आलात तेव्हा वाटीतलं खाल्लेलं होतं का.