जुनी व्हॅन : आधी दुरुस्ती, मग उंची

१९८४ साली आलेली मारुती व्हॅन २०१९ साली बनायची बंद झाली, तरी गावोगाव अजून धावते आहे. मागचे बाक काढून गादी टाकली, की देवदर्शनाला, वारीला दोघांचा मुक्काम आतच होतो. पण तळ घासतो म्हणून गाडी उंच करून घ्यायचा मोह होतो. इथेच सांभाळावे.

ही गाडी मागच्या दोनच चाकांवर चालते. उंची वाढली म्हणून ओल्या काळ्या रानात पकड वाढत नाही; त्याला टायरच चांगले लागतात. गाडी मुळात अरुंद अन् उभट. आणखी चढवली तर वळणावर कलंडायची भीती. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकच्या रबरी नळ्या ताणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी बदलही चालत नाही.

तेव्हा आधी तळाचा गंज खरडून पत्रा सांधून घ्यावा, ब्रेक तपासावेत, मागचे दबलेले पाटे व बुश बदलावेत. पाटे बदलले की गेलेली उंची आपसूक परत येते, बरं का! आणि मुक्कामी स्टोव्ह बाहेरच पेटवावा. बंद गाडीत कोंडलेला वायू झोपेतच जीव घेतो.