हौशी रेडिओसाठी माइक कसा निवडावा?

आपल्या मंडळाच्या सभासदांना माइक ही वस्तू नवी नाही. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" हे शब्द वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. गायन पार्टीचा माइक, वक्त्यांचा माइक आणि आभारप्रदर्शनाच्या वेळी हमखास शिट्टी मारणारा माइक, असे सर्व प्रकार आपण पाहिलेले आहेत. परंतु हॅम रेडिओवर, म्हणजेच हौशी रेडिओवर बोलण्यासाठी कोणता माइक घ्यावा, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा स्टेजवरच्या अनुभवाचा फारसा उपयोग होत नाही. किंबहुना तो अनुभव कधी कधी आडवाच येतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांना हौशी रेडिओ म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घेतला, की आपल्याला 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे एक संकेतनाम मिळते आणि स्वतःच्या संचावरून जगभरच्या अशाच परवानाधारकांशी बोलता येते. यात व्यापार नाही, करमणुकीचे प्रसारण नाही. मात्र टेलिफोनच्या तारा आणि मोबाइलचे मनोरे कोसळतात तेव्हा याच हौशी मंडळींची आठवण सर्वांना होते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली त्या वेळी दिल्लीच्या भारती प्रसाद (संकेतनाम व्हीयू२आरबीआय) आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे हौशी रेडिओच्याच मोहिमेवर होत्या. (या शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम असे आहे.) नेहमीची दळणवळणाची साधने बंद पडली असताना त्यांच्या संचावरून मुख्य भूमीशी संपर्क चालू राहिला आणि बेटांवरील माणसांची खुशाली त्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवता आली. अशा वेळी पलीकडच्याला आपला आवाज गोड वाटला की नाही हे कोण विचारतो? नाव बरोबर ऐकू आले पाहिजे. माइकची निवड करताना आम्ही सर्वप्रथम हीच कसोटी लावतो.

बँकेत आमचा दिवस आकड्यांत जातो. मोठ्या रकमेचा चेक आला की ग्राहकाला फोन करून खात्री करून घ्यावी लागते. मराठीत 'सात' आणि 'साठ' हे दोन शब्द फोनवर किती जवळचे वाटतात हे काउंटरवर बसणाऱ्यालाच विचारावे. दोहोंतला सगळा फरक शेवटच्या व्यंजनाच्या एका क्षणात असतो. म्हणून आम्ही कारकून मंडळी "साठ, सहा-शून्य" असे फोडून सांगतो. रेडिओवर तर यापेक्षा कठीण परिस्थिती असते. याचे कारण समजले, की माइकचे निम्मे कोडे सुटते.

आवाज म्हणजे हवेची कंपने. दर सेकंदाला किती कंपने होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा २०० किंवा त्याहून थोडा वर. 'स' या वर्णाची सळसळ मात्र बहुतांशी ४,००० हर्ट्झच्याही वर असते. आता लघुलहरींवर हौशी मंडळी बोलण्यासाठी सिंगल साइडबँड नावाची जी पद्धत वापरतात, तिच्यात साधारण ३०० ते २,७०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा पाठवला जातो. ही काही कंजुषी नव्हे. ४० मीटरच्या पट्ट्यात आपल्याकडे ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ एवढीच जागा आहे आणि त्यात सर्वांनी सामावून घ्यायचे आहे. एकाने पाय पसरले तर शेजाऱ्याला गाडीतून उतरावे लागेल, असा हा लोकलच्या डब्यातला हिशेब आहे.

म्हणजे आपला आवाज एका लहान खिडकीतून बाहेर पडतो. खालचा घुमारा खिडकीबाहेर, वरची सळसळ खिडकीबाहेर. मूळ सूर कापला गेला तरी माणूस ओळखू येतो, कारण त्याच्या वरच्या पटींतल्या सुरांवरून आपला कान तो स्वतःच भरून काढतो. टेलिफोन ३०० हर्ट्झखालचे काही पाठवत नव्हता, तरी वडिलांचा आवाज आपण पहिल्या "हॅलो"लाच ओळखत होतो, तो यामुळेच. वर कापलेल्या व्यंजनांची भरपाई मात्र कान करू शकत नाही. 'स' आणि 'फ' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. 'भ'चा 'ब', 'ख'चा 'क' होण्याची भीती असते. म्हणूनच अवघड नाव आले की हौशी मंडळी 'एस फॉर सिएरा', 'एफ फॉर फॉक्सट्रॉट' असे सांगतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोलण्यातला जोर बहुतेक १,००० हर्ट्झच्या खाली असतो, पण शब्दांचा अर्थ ज्या व्यंजनांवर अवलंबून असतो ती १,००० ते ३,००० च्या दरम्यान असतात. संचाची शक्ती ठरलेली आहे, समजा १०० वॅट. हे वॅट घुमाऱ्यावर खर्च केले तर व्यंजनांच्या वाट्याला काय उरणार? घरखर्चाचे गणित ज्यांना कळते त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता स्टेजच्या माइककडे येऊ. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ साली आलेला माइक जगभरच्या गायकांच्या हातात दिसतो. तो मजबूत आहे, विश्वासू आहे, आणि ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो. पण त्यात गाण्याला चमक यावी म्हणून जो भाग मुद्दाम उचललेला आहे, तो बराचसा ४,००० हर्ट्झच्या पुढचा आहे. म्हणजे ज्या चमकेसाठी आपण पैसे मोजले ती आपल्या खिडकीच्या बाहेरच राहते! शिवाय असा माइक ओठांना टेकवला की खालचा घुमारा वाढतो. गायकाला ते हवेच असते. आपल्याला नको असते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी हौसेने महागडा स्टेज माइक आणला. पहिल्याच दिवशी केरळमधल्या एका केंद्राकडून उत्तर आले : आवाज फार सुंदर, फक्त गावाचे नाव पुन्हा सांगा. तिसऱ्या वेळीही पुन्हा सांगा. स्टुडिओतल्या ४८ व्होल्टवर चालणाऱ्या कंडेन्सर माइकविषयी तर बोलायलाच नको. त्याला शेजारच्या खोलीतली कुकरची शिट्टीही ऐकू येते.

जुन्या काळी टेलिफोनात कार्बनच्या कणांचा माइक असे. त्याचा आवाज खरखरीत, पण शब्द ठसठशीत. त्यानंतर क्रिस्टल माइक आले. अमेरिकेच्या अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा १९३३ सालचा डी-१०४ हा माइक, उभ्या दांड्यावर गोल लॉलीपॉप ठेवल्यासारखा, जुन्या हौशी मंडळींच्या छायाचित्रांत हटकून दिसतो. दिसायला देखणा, पण त्यातला रोशेल क्षाराचा स्फटिक दमट हवेने आणि उन्हाने बिघडतो. कोकणातला एक पावसाळा त्याला पुरे. शिवाय त्याला लाखो ओहमचे इनपुट लागते. आजच्या ६०० ओहमच्या संचाला तो तसाच जोडला तर आवाज बारीक आणि पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो. भंगारात स्वस्त मिळाला तर कपाटात शोभेला ठेवावा.

राहिले दोन : डायनॅमिक आणि इलेक्ट्रेट. निवड यातूनच करावयाची आहे. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकात हलते आणि त्यातूनच वीज निर्माण होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, आणि दूरचा आवाज तो फारसा पकडत नाही. गोंगाटाच्या घरात हा गुण मोठा. हौशी रेडिओसाठी मुद्दाम असे माइक करणाऱ्यांत बॉब हाइल यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठमोठ्या संगीत मैफलींची ध्वनियंत्रणा उभारणारा हा माणूस स्वतः हौशी रेडिओवाला होता. (२०२४ साली त्यांचे निधन झाले.) स्टेज आणि रेडिओ या दोन्हींची गरज वेगळी, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी दोन प्रकारचे घटक काढले : एचसी-४ हा अरुंद आणि टोकदार, दूरच्या केंद्राला गर्दीतून हाक मारण्यासाठी, आणि एचसी-५ हा भरदार, निवांत गप्पांसाठी. एकच माइक दोन्ही कामांना सारखा चांगला नसतो, ही कबुलीच त्यात आहे.

इलेक्ट्रेट माइक मात्र आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. वाटाण्याएवढी ती डबी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चहा-वडापावच्या खर्चात मिळते. गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी १९६२ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत तो तयार केला. यातले जेम्स वेस्ट हे १९३१ साली व्हर्जिनियात जन्मलेले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. वर्णभेदाच्या त्या काळात पदार्थविज्ञान शिकून या मुलाला नोकरी कोण देणार, अशी चिंता घरच्यांना पडली होती. पुढे कॅसेट रेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत जगातल्या असंख्य उपकरणांत त्यांचाच माइक बसला. विद्यार्थ्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावे.

इलेक्ट्रेटमधल्या पातळ पडद्यावर कायमचा विद्युतभार असतो. आत एक लहानसा ट्रान्झिस्टर असतो, त्याला काही व्होल्ट वीज दोन ते पाच हजार ओहमच्या रेझिस्टरमधून द्यावी लागते. हैदराबादचे अशहर फरहान यांनी रचलेला बिटेक्स हा स्वस्त भारतीय संच अनेक विद्यार्थी हाताने जुळवतात; त्यालाही असाच माइक चालतो. इलेक्ट्रेटचा दोष एकच, तो सगळेच प्रामाणिकपणे पकडतो, घुमारासुद्धा. पण यावरचा उपाय महाग नाही. माइक आणि संच यांच्यामध्ये लहान कपॅसिटर घालावा. संचाचे इनपुट १०,००० ओहमचे असेल तर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ३४० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी करू लागतो. इनपुट ६०० ओहमचे असेल तर हेच काम १ मायक्रोफॅरड करतो, सुमारे २६५ हर्ट्झपाशी. आम्ही कला शाखेचे पदवीधर; हे सूत्र आम्हाला जमले तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अवघड नाही.

जोडणी करताना संचाची पुस्तिका समोर उघडून ठेवावी. आठ पिनांचा गोल जोड वरून सारखाच दिसतो, पण आयकॉम, केनवुड आणि यासू यांच्या पिनांची मांडणी वेगवेगळी असते. काही संचांत आवाजाच्या पिनेवरच इलेक्ट्रेटसाठी वीज येते. तेथे डायनॅमिक माइक जोडायचा तर मध्ये कपॅसिटर हवाच, नाहीतर वेटोळ्यातून नको ती वीज वाहते. तार शिल्डची घ्यावी.

आणि खरे सांगायचे तर ज्याच्याकडे संचासोबत आलेला हातातला माइक आहे, त्याने सहा महिने दुसरा घेऊ नये. त्या काळात वापरायची रीत शिकावी. माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर, किंचित तिरका धरावा, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुंकर थेट आत जात नाही. वीस सेंटिमीटरवरून पाच सेंटिमीटरवर आलात तर आवाजाचा दाब चौपट होतो, डोक्यावरचा पंखा मात्र होता तेवढाच राहतो. मग माइक गेन कमी करता येतो. मे महिन्यात पंखा बंद करा असे सांगण्याचे धाडस आमच्यात नाही, पण अंतर कमी करणे तर आपल्या हातात आहे. एएलसीचा काटा मर्यादेतच हलू द्यावा. कॉम्प्रेसर थोडासा लावावा. जास्त लावला तर दोन शब्दांच्या मधल्या जागेत पंखाच बोलू लागतो.

माइक चांगला की वाईट हे "कसा येतोय आवाज?" असे विचारून कळत नाही, कारण समोरचा माणूस सभ्यपणे "फाइव्ह नाइन" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा वीस शब्दांची यादी करावी : सात, साठ, आठ, साल, शाल, भात, बात, खण, कण, माळ, माल, असे एकमेकांशी गल्लत होणारे. संच डमी लोडला जोडावा, म्हणजे आवाज फार दूर जाणार नाही. दुसऱ्या खोलीत दुसऱ्या रिसीव्हरवर कानाला हेडफोन लावून मित्राला किंवा धाकट्या बहिणीला बसवावे, आणि यादी न दाखवता ऐकू आले तसे लिहायला सांगावे. चुकलेले शब्द वेगळे काढावेत, दुसरा माइक लावावा, यादीचा क्रम बदलावा आणि पुन्हा वाचावे. लिहिणारा तोच, अंतर तेच आणि पंखाही त्याच नंबरवर.